कॅमेरा, कोर्ट आणि पन्नास वर्षे : आनंद पटवर्धन



"यंदाच्या स्मरणिकेत इतिहासावर एक लेख हवाय, आणि तो तूच लिहायचास," असे आमच्या संपादिका वहिनींनी गणपतीच्या आरतीनंतर हातावर प्रसाद ठेवता ठेवता सांगितले. अशा वेळी नाही म्हणायची सोय नसते. इतिहास म्हटला की आपण मंडळी गडकिल्ले, पेशवाई, नाहीतर थेट पानिपतावर येतो. मीही तसेच काहीतरी लिहिणार होतो. पण मग वाटले, ज्या इतिहासाच्या वेळी मी स्वतः जवळपास हजर होतो आणि तरीही जो मला कळलाच नाही, त्याविषयी लिहावे. तो मला ज्यांच्यामुळे पुढे पंधरा वर्षांनी कळला, त्या आनंद पटवर्धन नावाच्या माहितीपटकाराविषयी हा लेख आहे.

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण त्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. माझे बालपण घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात गेले. १९९७ च्या जुलैत बारावीचा निकाल लागून इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची धावपळ चालू होती. ११ जुलैला शुक्रवार होता. मी फॉर्मची झेरॉक्स आणि दाखले घेऊन निघालो तर हायवे बंद. बसेस नाहीत, रिक्षा नाहीत. पलीकडे रमाबाई नगरात काहीतरी 'राडा' झाला आहे, एवढेच बिल्डिंगच्या गेटवर समजले. मी वैतागून घरी परतलो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रमाबाई नगरातूनच यायच्या. त्या पुढचे चार-पाच दिवस आल्या नाहीत. आई भांडी घासता घासता कुरकुरली. पाचव्या-सहाव्या दिवशी मावशी आल्या, मुकाट्याने काम करून गेल्या. मला प्रवेश मिळाला, पेढे वाटले, त्यांनाही दिले. झाले. माझ्या आठवणीत ११ जुलै १९९७ म्हणजे हायवे बंद असल्याचा दिवस, इतकेच.

मध्ये बरीच वर्षे गेली. इंजिनिअरिंग, बॉस्टनला एम.एस., मग कन्सल्टिंगची भटकंती. २०१२ च्या हिवाळ्यात एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठ जण जमलो होतो. बाहेर बर्फ. त्याने 'जय भीम कॉम्रेड' नावाचा माहितीपट लावला. तीन तासांहून मोठा आहे म्हटल्यावर दोघे-तिघे चुळबुळले. मी समोशाची प्लेट घेऊन आरामात बसलो होतो. पडद्यावर घाटकोपरचा हायवे दिसला आणि माझा हात तसाच राहिला.

त्या दिवशी पहाटे रमाबाई नगरातल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक संतापून रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. माझ्या घरापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर! हे मला कळायला सात समुद्र ओलांडून, बर्फात, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये यावे लागले. त्या रात्री घरी ड्राइव्ह करताना मी रेडिओ लावला नाही.

त्यानंतर मी या माणसाचे मिळतील ते सगळे चित्रपट शोधून पाहिले. काही युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मिळाले, काही डीव्हीडी मुंबईहून येणाऱ्यांकडून मागवल्या. आणि मग लक्षात आले, की हा गृहस्थ आपल्यासारखाच इथे शिकायला आला होता, आणि तोही माझ्या रोजच्या वाटेवर. रूट १२८ ने ऑफिसला जाताना वॉल्थम लागते. तिथल्या ब्रँडाइस युनिव्हर्सिटीतून आनंद पटवर्धन यांनी १९७२ साली समाजशास्त्राची पदवी घेतली.

त्यांचा जन्म १९५० चा, मुंबईचा. पटवर्धन घराणे मूळ अहमदनगरचे. स्वातंत्र्यलढ्यात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. आई निर्मला मूळच्या सिंधमधल्या हैदराबादच्या, शांतिनिकेतनात शिकलेल्या आणि मातीची भांडी घडवणाऱ्या नामवंत कलावंत. म्हणजे घरात खादीही होती आणि कलाही. मुंबई विद्यापीठाची इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ते १९७० साली अमेरिकेत आले. तो व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनांचा काळ. पटवर्धन त्यात उतरले. पुढे कॅलिफोर्नियात सेझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी स्वयंसेवक म्हणून काम केले. आणि मग आपण बहुतेकांनी जे केले नाही ते त्यांनी केले. ते परत गेले. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' या ग्रामीण शिक्षणाच्या संस्थेत त्यांनी काम सुरू केले.

पहिला खरा चित्रपट जवळजवळ योगायोगाने झाला. १९७४ साली बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन पेटले होते. पटवर्धन तिथे पोहोचले. ४ नोव्हेंबरला पाटण्यात मोठा मोर्चा निघणार होता आणि पोलिसांच्या दडपशाहीचे काही चित्रण व्हावे, अशी कल्पना होती. उसना सुपर ८ कॅमेरा मिळाला. हा तेव्हा हौशी लोक घरच्या वाढदिवसांना वापरत. त्या दिवशी खुद्द जयप्रकाशांवर लाठ्या चालल्या. नंतर हे छोट्या फिल्मवरचे चित्रण पडद्यावर टाकून ते पुन्हा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपले. जुनी, मुदत संपलेली फिल्म वापरून काम भागवले. असा 'क्रांती की तरंगें' तयार झाला. चित्र दाणेदार, धूसर. पण पाहताना वाटते, की हे इतके कष्टाने वाचवलेले आहे म्हणूनच ते खरे वाटते.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि हा चित्रपट जवळ असणे हाच धोका झाला. एका प्रतीचे तुकडे करून ते वेगवेगळ्या लोकांबरोबर देशाबाहेर पाठवण्यात आले. पटवर्धन मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकायला गेले होते. तिथे ते तुकडे पुन्हा जोडून परदेशातल्या भारतीयांना तो दाखवला गेला. मॅकगिलच्या एम.ए.चा त्यांचा प्रबंधही अशा भूमिगत चित्रपटांवर आणि या अनुभवावरच आहे. आपल्यापैकी किती जणांची मास्टर्सची थीसिस आपल्याला स्वतःलाही आठवते? मला माझ्या थीसिसचे पूर्ण नाव परवा कपाट उघडून बघावे लागले.

आणीबाणी उठल्यावर ते भारतात परतले आणि १९७८ साली 'ज़मीर के बंदी' हा राजकीय कैद्यांवरचा चित्रपट काढला. इथे त्यांचा स्वभाव दिसतो. इंदिरा गांधींच्या काळातल्या तुरुंगांवर चित्रपट काढून जनता राजवटीत टाळ्या मिळवणे सोपे होते. पण आणीबाणीच्या आधीही राजकीय कैदी होते आणि नवे सरकार आल्यावरही काही जण आतच आहेत, हे त्यांनी दाखवले. सरकार बदलले म्हणून प्रश्न विचारणे थांबवायचे नाही, हा धडा त्यांनी तेव्हापासून पाळला आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा चित्रपट १९८१ चा. जिम मन्रो यांच्याबरोबर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी केलेला 'अ टाइम टु राइज'. ब्रिटिश कोलंबियातल्या शेतांवर राबणारे, मुख्यतः पंजाबी मजूर, त्यांच्या डोक्यावर फवारली जाणारी कीटकनाशके, राहायला गोठ्यासारख्या जागा, इतर कामगारांना मिळणारे कायद्याचे संरक्षण यांना नाही. आणि मधले कंत्राटदार पुष्कळदा आपल्याच गावचे, आपलीच भाषा बोलणारे. १९८० साली स्थापन झालेल्या त्यांच्या युनियनची ही कथा आहे. आपण 'देसी कम्युनिटी'विषयी बोलतो तेव्हा डॉक्टर, इंजिनिअर आणि स्पेलिंग बी जिंकणारी मुले आठवतात. शेतात वाकलेल्या त्या म्हाताऱ्या बायका आठवत नाहीत.

मग मुंबई. १९८५ चा 'हमारा शहर' मी दोनदा पाहिला. फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांची घरे महापालिका पाडते आहे, तेही भर पावसाळ्यात. दुसऱ्या बाजूला सुखवस्तू मुंबईकर शहर कसे घाण झाले आहे ते सांगतात. ती वाक्ये मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलेली आहेत, बहुधा आमच्याच घरातही. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात निर्णय दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे मानले, पण योग्य नोटीस देऊन फुटपाथवरच्या झोपड्या हटवायला मुभाही दिली.

या चित्रपटातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्याकडे वळून चित्रपट काढणाऱ्यालाच फैलावर घेते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार, असा तिचा सवाल. कुणीही हे चित्रण कापून टाकले असते. पटवर्धनांनी ते ठेवले. आणि मला वाटते, पुढची सगळी वर्षे ते त्या बाईला उत्तर देत आहेत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ते तिथे थांबले नाहीत. १९८६ साली कफ परेडजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली तेव्हा शबाना आझमी आणि पटवर्धन रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले. शेवटी त्या लोकांना गोरेगावात पर्यायी जागा मिळाली.

आमच्या आयटीच्या धंद्यात प्रोजेक्ट 'गो-लाइव्ह' झाले की पिझ्झा मागवतात आणि कन्सल्टंट पुढच्या क्लायंटकडे जातो. पटवर्धनांचे काम नेमके तिथे सुरू होते. चित्रपट पूर्ण झाला की तो लोकांनी पाहावा म्हणून दुसरी लढाई. त्यांचे म्हणणे सरळ आहे. दूरदर्शन जनतेच्या पैशावर चालते, सेन्सॉरने प्रमाणपत्र दिले आहे, सरकारनेच राष्ट्रीय पुरस्कार दिला आहे, मग दाखवत का नाही? दूरदर्शनने नकार दिला की ते कोर्टात जात. 'हमारा शहर', पंजाबातल्या दहशतीच्या काळात भगतसिंगांचा वारसा शोधणारा 'उना मित्रां दी याद प्यारी', 'राम के नाम' हे सगळे कोर्टाच्या पायऱ्या चढून लोकांपर्यंत गेले. धर्म, हिंसा आणि मर्दानगीच्या कल्पना यांवरचा 'पितृ, पुत्र और धर्मयुद्ध' १९९० च्या दशकाच्या मध्यावर झाला. तो दूरदर्शनने दाखवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला ऑगस्ट २००६ उजाडला. अणुचाचण्यांनंतरच्या भारत-पाकिस्तानवरच्या 'जंग और अमन'ला सेन्सॉरने एकवीस कट सुचवले. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो एकही कट न करता दाखवायला परवानगी दिली. या चित्रपटात हिरोशिमा आहे आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये अणुबाँबविषयीच्या प्रदर्शनावरून झालेला वादही आहे. म्हणजे प्रश्न फक्त आपल्याच देशाला विचारले आहेत असे नाही.

आता 'राम के नाम'विषयी. हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला, कारण आपल्या मंडळात या विषयावर दोन्हीकडचे लोक आहेत आणि मला पुढच्या वर्षीही पॉटलकला यायचे आहे. १९९० ची रथयात्रा आणि ३० ऑक्टोबरची अयोध्या या चित्रपटात आहे. म्हणजे ६ डिसेंबर १९९२ च्या आधीची. २००२ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत तो दाखवायचे ठरले, तर विरोधामुळे तिथला खेळ पुढे ढकलावा लागला. म्हणजे आपण इकडे आलो तसे आपले वादही इकडे आले.

माझे बाबा सहा महिन्यांसाठी आले होते तेव्हा एका शनिवारी मी तो लावला. बाबा १९९० साली त्या आंदोलनाच्या बाजूचे होते, आजही आहेत. अर्ध्यावर ते उठले. "हा माणूस एकच बाजू दाखवतोय," असे म्हणून वर झोपायला गेले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पटवर्धन आपण तटस्थ असल्याचा आव आणत नाहीत. ते कुणाच्या बाजूने उभे आहेत ते पहिल्या पाच मिनिटांत कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारले, "अरे, तो पुजारी होता ना त्यात? शांतपणे बोलणारा. त्याचं पुढे काय झालं?"

लालदास हे कोर्टाने नेमलेले रामजन्मभूमीचे पुजारी. चित्रपटात ते या आंदोलनातल्या राजकारणावर टीका करतात, स्वतः रामाचे पुजारी असून.

"बाबा, त्यांचा १९९३ मध्ये खून झाला," मी म्हणालो.

बाबांनी कप खाली ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "संध्याकाळी उरलेला लाव." आम्ही उरलेला पाहिला. बाबांचे मत बदलले नाही. २०२४ साली मंदिराचे उद्घाटन झाले तेव्हा त्यांनी पुण्याच्या घरी दिवे लावले. पण त्या पुजाऱ्याचे नाव त्यांना अजून आठवते. माझ्या मते एखाद्या माहितीपटाने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

'जय भीम कॉम्रेड'कडे परत येतो. तो करायला चौदा वर्षे लागली. विलास घोगरे हे शाहीर 'हमारा शहर'मध्ये गायले होते. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी त्यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. तिथून पटवर्धनांनी सुरुवात केली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. चित्रपटात ते चित्रण तपासून पाहिले आहे. गुंडेवार आयोगानेही हा गोळीबार समर्थनीय नव्हता असेच म्हटले. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवले, नंतर त्याला जामीन मिळाला. पण चित्रपट फक्त खटल्याचा नाही. त्यात वस्त्यांमधली गाणी आहेत, जलसे आहेत, पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले आहेत. मराठी गाण्यांची एवढी मोठी परंपरा माझ्या शहरात चालू होती आणि माझ्या कॅसेटच्या कपाटात त्यातली एकही कॅसेट नव्हती. चित्रपट तयार झाल्यावर पटवर्धनांनी तो वस्त्यावस्त्यांत पडदे लावून दाखवला.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१४ साली मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्यांना व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये त्यांनी देशातल्या वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ 'हमारा शहर'चा राष्ट्रीय पुरस्कार परत केला. २०१८ चा 'विवेक' डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनांपासून सुरू होतो. ॲमस्टरडॅमच्या महोत्सवात त्याला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. आणि २०१९ साली केरळच्या महोत्सवात तो दाखवण्यासाठी पुन्हा हायकोर्टात जावे लागले. वय एकोणसत्तर! २०२३ चा 'वसुधैव कुटुंबकम्' मात्र वेगळा आहे. म्हाताऱ्या आई-बाबांचे घरातल्या घरात, वर्षानुवर्षे केलेले चित्रण. त्यात कुणाशी भांडण नाही. इकडे बसून आई-वडिलांना फोनच्या स्क्रीनवर म्हातारे होताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो रुमाल जवळ घेऊन पाहावा.

'जय भीम कॉम्रेड' पाहिल्यावर त्याच रात्री मी आईला फोन केला होता. तिकडे सकाळ होती. "आई, सत्त्याण्णव साली मावशी चार-पाच दिवस आल्या नव्हत्या, आठवतं? त्यांच्या घरचं कुणी होतं का गं त्यात?"

आई थोडा वेळ गप्प राहिली. "अरे, मी विचारलंच नाही रे तेव्हा. तीही काही बोलली नाही."

मावशींनी आमच्याकडे नऊ वर्षे काम केले. त्यांचे आडनाव आईला आठवेना. मला तर कधी माहीतच नव्हते. मी पुढच्या खेपेला रमाबाई नगरात जाऊन आलो, दोन-चार जणांना विचारले. पण नुसते 'पंतनगरात कामाला जायच्या' एवढ्या खुणेवर कोण सापडणार?

वहिनी, तुम्ही इतिहासावर लेख मागितलात. माझ्याकडचा इतिहास एवढाच आहे. मंडळाला एक विनंती करतो. वर्षभरात आपण चार नाटके, दोन गाण्यांचे कार्यक्रम आणि एक लावणी महोत्सव करतो. एखादा रविवार यातल्या एका चित्रपटासाठी ठेवू या. माझी सूचना 'हमारा शहर'ची. तासा-दीड तासाचा आहे, मुलांनाही समजेल. पाहून झाल्यावर भांडू या हवे तर. चहा आणि कांदापोहे माझ्याकडे लागले.